चुकीच्या उत्तराचा गुणक: दाबाच्या गणितांतल्या एककांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

विद्यार्थिनी उच्च माध्यमिकच्या पहिल्या वर्षाची, विज्ञान शाखेची. भौतिकशास्त्र आवडणारी. द्रवाचा दाब सगळ्या दिशांना का लागतो, खोलीवर का अवलंबून असतो आणि भांड्याच्या आकारावर का नाही, हे ती आकृती काढून दुसऱ्याला समजावून देऊ शकते. तरीही द्रव आणि वायू या दोन प्रकरणांवरच्या चाचणीत तिला निम्म्याहून कमी गुण पडले. उत्तरपत्रिकेवर शेरा होता: 'संकल्पना चांगल्या. आकडेमोडीत निष्काळजी. सराव वाढवावा.'

ती माझ्याकडे आली तोवर तिने सराव वाढवून झाला होता. वहीची पानंच्या पानं सोडवलेल्या उदाहरणांनी भरली होती आणि दाबाच्या उदाहरणांची उत्तरं पहिल्यासारखीच चुकत होती. ओळख पटेल असे तपशील इथे काढून टाकले आहेत. उदाहरणांतले आकडे ठेवले आहेत, कारण या प्रकरणाचा उलगडा आकड्यांतूनच झाला.

तिच्या वर्गात एक नियम पाठ करून घेतलेला होता: आधी सगळं एसआयमध्ये (मीटर, किलोग्रॅम, सेकंद यांच्या आंतरराष्ट्रीय पद्धतीत) करा, मग सूत्रात टाका. नियमात चूक काहीच नाही. फक्त 'एसआयमध्ये करा' या दोन शब्दांत जे काम दडलेलं आहे, ते दाबाच्या बाबतीत वाटतं त्यापेक्षा बरंच मोठं आहे.

याला दोन कारणं. पहिलं असं की दाबाइतकी एककं फार थोड्या राशींच्या वाट्याला आली आहेत. हवामानखातं हेक्टोपास्कल वापरतं, रक्तदाब पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये मोजतात, टायरवाला पीएसआय सांगतो, कंप्रेसरच्या तबकडीवर बार असतात आणि रसायनशास्त्राच्या तासाला ॲटमॉस्फिअर. इटालियन शास्त्रज्ञ तोरिचेल्लीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याची नळी उलटी उभी केली, तेव्हापासून लोक हवेचा दाब पाऱ्याच्या उंचीत वाचत आले. न्यूटन प्रति चौरस मीटर या एककाला 'पास्कल' हे नाव अधिकृतपणे मिळालं ते १९७१ मध्ये. तीन शतकांहून अधिक काळाची सवय एका ठरावाने जात नाही, आणि पाठ्यपुस्तकांतली उदाहरणं ही सगळी सवय सोबत घेऊन येतात.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. द्रवस्तंभाचा दाब काढताना घनता, गुरुत्व त्वरण आणि उंची या तिघांचा गुणाकार होतो. लांबी या तिन्हींमध्ये आहे, पण तिचा घात सगळीकडे सारखा नाही. उंचीत ती एकदा येते, त्वरणात एकदा, घनतेत छेदस्थानी तीनदा. सेंटीमीटरचं मीटर करताना एका ठिकाणी शंभराने काम भागतं, दुसऱ्या ठिकाणी दहा लाखांचा हिशेब लागतो. बल आणि क्षेत्रफळाच्या उदाहरणात दहा हजार. एकच रूपांतर, पण गुणक दर वेळी निराळा.

समस्या

चाचणीतली तीन उदाहरणं घेतो.

पहिलं सोपं. २५ चौरस सेंटीमीटर क्षेत्रफळाच्या पिस्टनवर ५०० न्यूटन बल लावलं, दाब किती? तिने लिहिलं: क्षेत्रफळ = २५ ÷ १०० = ०.२५; दाब = ५०० ÷ ०.२५ = २,००० पास्कल. बरोबर उत्तर २,००,००० पास्कल.

दुसरं लांबलचक. उघड्या टाकीत खाली १.२ मीटर पाणी, त्यावर ५० सेंटीमीटर तेल. तेलाची घनता ०.८ ग्रॅम प्रति घन सेंटीमीटर. वातावरणाचा दाब पाऱ्याचे ७५ सेंटीमीटर. तळाशी एकूण दाब काढा. तिच्या ओळी अशा होत्या:

तेल: ०.८ × ९.८ × ५० = ३९२
पाणी: १,००० × ९.८ × १.२ = ११,७६०
हवा: १३.६ × ९.८ × ७५ = ९,९९६
एकूण = २२,१४८ पास्कल

गुणाकार अचूक, बेरीज अचूक, अक्षर सुवाच्य. यातली पाण्याची ओळ पूर्ण बरोबर आहे; तेल आणि हवेच्या ओळी चुकल्या आहेत. खरं उत्तर ३,९२० + ११,७६० + ९९,९६०, म्हणजे १,१५,६४० पास्कल.

तिसरं वायूचं. २ लिटरच्या बंद भांड्यात ०.१ मोल वायू, तापमान २७ अंश सेल्सिअस. दाब काढा. तिने तापमान बरोबर ३०० केल्विन घेतलं, वायू स्थिरांक ८.३१४ घेतला आणि ०.१ × ८.३१४ × ३०० ÷ २ = १२४.७ असं करून पुढे 'पास्कल' लिहिलं. खरा दाब १,२४,७०० पास्कलच्या आसपास आहे.

तपासणाऱ्याने तिन्ही उत्तरांवर फुली मारली होती. फुली योग्यच. पण या तीन फुल्यांच्या पोटात तीन वेगळे आजार आहेत, आणि फुलीकडे पाहून ते कळत नाहीत.

पहिला निर्णय: निष्काळजीपणा की नियम?

सुरुवातीला एवढंच ठरवायचं होतं की शेऱ्यातला 'निष्काळजी' हा शब्द मानायचा की नाही. मानला तर उपाय सोपा: सावकाश सोडव, पुन्हा तपास. न मानला तर आणखी खोदावं लागणार.

यासाठी तिच्या जुन्या वहीतली चुकलेली उत्तरं काढली आणि प्रत्येक बरोबर उत्तराला तिच्या उत्तराने भागलं. हे करायला फार वेळ लागत नाही आणि यातून जे दिसतं ते वाचूनसुद्धा दिसत नाही. क्षेत्रफळाची उदाहरणं पुन्हा पुन्हा शंभरपटीने चुकली होती. घनता ग्रॅममध्ये दिलेले द्रवस्तंभ दहापटीने. लिटर दिलेले वायू हजारपटीने. धांदरटपणाच्या चुका अशा ओळीत उभ्या राहत नाहीत. त्या विखुरतात, कधी सातचा एक होतो, कधी चिन्ह सुटतं. इथे चूक शिस्तीत होत होती. म्हणजे ती एक नियम पाळत होती, फक्त नियम चुकीचा होता. आणि चुकीच्या नियमाचा सराव वाढवला की तो पक्का होतो, दुसरं काय होणार?

सराव थांबवायचं ठरलं. तिला ते पटलं नाही, घरच्यांना तर अजिबातच नाही.

गुणक काय सांगत होते

शंभरपट समजायला अवघड नव्हतं. मी विचारलं, एका चौरस मीटरमध्ये किती चौरस सेंटीमीटर? "शंभर, सर," ती लगेच म्हणाली. मी कागद पुढे सरकवला आणि चौरस काढायला सांगितला. तिने चौरस काढला, खालच्या बाजूवर १०० लिहिलं, डावीकडे उभ्या बाजूवर १०० लिहिलं, आणि पेन तिथेच थांबलं. "दहा हजार." मग जरा चिडूनच: "पण हे मला पाठ आहे! घातांकांच्या तक्त्यात आहे."

पाठ खरंच होतं. तक्ता विचारला तर ती बरोबर सांगायची. उदाहरण सोडवताना मात्र हात 'सेंटी म्हणजे शंभर' एवढ्यावरच चालायचा, कारण तिच्या ओळीत २५ च्या पुढे 'चौरस सेंटीमीटर' लिहिलेलंच नव्हतं. वर्ग करायचा तो कशाचा, हे सांगणारं कागदावर काही उरलं नव्हतं.

दहापट जास्त मजेशीर निघाली. ०.८ × ९.८ × ५० या ओळीत घनता ग्रॅम-सेंटीमीटरमधली, गुरुत्व त्वरण मीटरमधलं, उंची पुन्हा सेंटीमीटरमधली. पूर्ण सीजीएसमध्ये (सेंटीमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीत) त्वरण ९८० असतं आणि उत्तर ३९,२०० डाइन प्रति चौरस सेंटीमीटर येतं; डाइन हे त्या पद्धतीतलं बलाचं एकक. दहा डाइन प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे एक पास्कल, म्हणून ३,९२० पास्कल. तिने दोन पद्धतींची सरमिसळ केली आणि दहापटीने खाली आली. पाण्याची ओळ बरोबर आली याचं कारण पाण्याची घनता तिला १,००० अशी पाठ होती आणि उंची उदाहरणातच मीटरमध्ये दिली होती. म्हणजे ती ओळ तिने एसआयमध्ये केलेली नव्हती, ती आयतीच एसआयमध्ये होती.

हजारपट लिटरची. ८.३१४ हा स्थिरांक ज्यूल प्रति मोल प्रति केल्विन. ज्यूलला घनमीटरने भागलं की पास्कल येतात. लिटरने भागलं की किलोपास्कल. तिचा १२४.७ हा आकडा किलोपास्कल म्हणून तंतोतंत बरोबर होता.

या ठिकाणी प्रकरणाची दिशा बदलली. तिन्ही उदाहरणं एकत्र पाहिल्यावर ध्यानात आलं की एककं मिसळणं हा मूळ दोष नाहीच. मिसळलेली एककं शेवटपर्यंत सोबत ठेवली असती तर तेलाची आणि हवेची ओळ सुखरूप पोचली असती. दोष एककं वाटेत टाकून देण्यात होता, आणि शेवटी सवयीने 'पास्कल' हे बिरूद लावण्यात. 'आधी एसआयमध्ये करा' या नियमाने तिला नेमकं हेच शिकवलं होतं: एककांचं काम पहिल्या ओळीत संपतं, पुढे नुसते आकडे.

विचारात घेतलेले पर्याय

रूपांतराचा तक्ता पाठ करणं हा पहिला सुचणारा पर्याय. तो लगेच बाद झाला, कारण तक्ता तिला येतच होता. शिवाय तक्ता गुणक सांगतो, गुणायचं की भागायचं ते सांगत नाही. घाईत निम्म्या चुका तिथेच होतात.

एसआयचाच नियम अधिक कडकपणे पाळायचा, हा दुसरा. प्रत्येक उदाहरणाच्या वर 'दिलेलं' आणि 'एसआयमध्ये' असे दोन रकाने आखायचे. याच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे. परीक्षकाला आवडतं, नीटनेटकं दिसतं, आणि बहुतेक पुस्तकं हेच सांगतात. पण रकान्यात २५ चं ०.२५ झालं तर ती चूक पुढे कुठेच पकडली जात नाही. चुकीचा आकडा रुबाबात सूत्रात जाऊन बसतो.

तिसरा पर्याय थोडा जुन्या वळणाचा: द्रवस्तंभाची उदाहरणं सरळ सीजीएसमध्ये सोडवायची आणि अगदी शेवटी दहाने भागायचं. पाऱ्याची घनता १३.६ आणि उंची सेंटीमीटरमध्ये असेल तेव्हा हे खरोखर सुटसुटीत पडतं. अनेक अनुभवी शिक्षक आजही मनातल्या मनात असंच करतात. तिच्यासाठी मात्र याचा अर्थ एकाऐवजी दोन पद्धती सांभाळणं असा झाला असता, आणि बल न्यूटनमध्ये दिलं की पुन्हा गोंधळ.

चौथा, प्रत्येक आकड्यासोबत त्याचं एकक लिहायचं आणि आकड्यांसारखंच त्यालाही गुणायचं, भागायचं, छेदायचं. वेळखाऊ. चाचणीत वेळ कमी पडण्याची भीती रास्त होती.

पाचवा, उत्तर आल्यावर ते शक्य आहे का हे अंदाजाने ताडून पाहायचं. यासाठी मनात दोन-तीन ठोकताळे असावे लागतात, जे तिच्याकडे नव्हते. १२४.७ पास्कल हा दाब मोठा की छोटा, असं विचारल्यावर ती म्हणाली, "आकडा शंभराच्या वर आहे, म्हणजे बऱ्यापैकी असेल ना?"

काय ठरलं आणि का

चौथा पर्याय मुख्य, पाचवा जोडीला. एसआयचा नियम सोडला नाही, त्याची जागा बदलली: रूपांतर सुरुवातीलाच झालं पाहिजे असा आग्रह राहिला नाही. ते कुठेही करावं, पण कागदावर दिसेल असं, आणि शेवटचं एकक ओळीतून निघालेलं असावं. वरून चिकटवलेलं चालणार नाही.

कारण असं की पहिले तीन पर्याय चूक होऊ नये म्हणून होते, हे दोन पर्याय चूक झाली तर ती दाखवणारे होते. ज्याच्या चुका नियमात बसतात, त्याला शेवटी एखादा पहारा लागतोच.

अंमल

सुरुवात दुसऱ्या उदाहरणातल्या तेलाच्या ओळीपासून केली. तिने आधीसारखेच मिश्र आकडे घ्यायचे, पण एककं न सोडता. ती ओळ अशी झाली:

०.८ ग्रॅम/सेंमी³ × ९.८ मी/से² × ५० सेंमी = ३९२ ग्रॅम·मी/(सेंमी²·से²)

घनातल्या तीन सेंटीमीटरपैकी एक उंचीशी छेदला गेला, खाली दोन उरले. आता या विचित्र एककाचं काय करायचं? ग्रॅमच्या जागी ०.००१ किलोग्रॅम. खालच्या चौरस सेंटीमीटरच्या जागी ०.०००१ चौरस मीटर, म्हणजे वर १०,०००. ३९२ × ०.००१ × १०,००० = ३,९२०, आणि उरलेलं एकक किलोग्रॅम·मीटर प्रति सेकंद वर्ग, भागिले चौरस मीटर; म्हणजेच न्यूटन प्रति चौरस मीटर.

"म्हणजे सर, माझं ३९२ बरोबरच होतं?"

बरोबरच होतं. ते पास्कल नव्हतं, एवढंच.

या एका ओळीचा तिच्यावर जो परिणाम झाला तो पुढच्या सगळ्या समजावण्याने झाला नसता. आपण गणितात ढ नाही, आपण मधेच काहीतरी टाकून देत होतो, हे तिला स्वतःच्या आकड्यातून दिसलं. त्यानंतर ती स्वतःच मागे जाऊन १२४.७ च्या मागचं एकक शोधायला बसली आणि ज्यूल प्रति लिटरवर पोचली.

अंदाजाच्या ठोकताळ्यांसाठी पास्कल किती लहान आहे हे आधी सांगावं लागलं. पाण्याचा ०.१ मिलिमीटर जाडीचा थर, साधारण एका कागदाच्या जाडीइतका, आपल्याखाली सुमारे ०.९८ पास्कल दाब देतो. या मापाने तिचं १२४.७ पास्कल म्हणजे जेमतेम सव्वा सेंटीमीटर पाणी. उघड्या हवेचा दाब पाण्याच्या दहा मीटरहून थोड्या जास्त स्तंभाइतका असतो, तर बंद भांड्यातला हा वायू सव्वा सेंटीमीटरवर थांबलेला. तिलाच हसू आलं.

मग तीनच गोष्टी लक्षात ठेवायला दिल्या: पाण्याचे दहा मीटर म्हणजे जवळजवळ एक वातावरण, म्हणजे जवळजवळ १०० किलोपास्कल; त्यामुळे पाण्याचे दहा सेंटीमीटर म्हणजे एक किलोपास्कल; आणि एक न्यूटन प्रति चौरस सेंटीमीटर म्हणजे दहा किलोपास्कल. प्रमाण वातावरणीय दाब १,०१,३२५ पास्कल आहे हे तिला पाठ होतं, पण तो आकडा अंदाजाला जड जातो. अंदाज किलोपास्कलमध्येच करायचा असंही ठरवलं. शून्यं कमी झाली की डोळा पटकन पकडतो.

टाकीचं उदाहरण अशा अंदाजाने असं दिसतं: ५० सेंटीमीटर तेल, पाण्याच्या आठ-दशांश घनतेचं, म्हणजे ४० सेंटीमीटर पाणी, ४ किलोपास्कल. १२० सेंटीमीटर पाणी, १२ किलोपास्कल. हवा १००. एकूण ११६. खरं उत्तर ११५.६४. आणि तिचं चाचणीतलं उत्तर होतं २२. त्यात बेरजेचीही गरज नव्हती: टाकी उघडी आहे, वर हवा आहे, तर तळाशी हवेपेक्षा कमी दाब असेलच कसा? एवढा एक प्रश्न विचारला असता तर आकडेमोड न तपासताही उत्तर नाकारता आलं असतं.

दुसरा निर्णय: वेळ पुरेना

पुढच्या सराव चाचणीत तिची सोडवलेली उदाहरणं बरोबर आली आणि शेवटची काही उदाहरणं तशीच राहिली. वेळ संपला. प्रत्येक ओळीत एककं लिहिण्याची किंमत होती ही. सोडून द्यावं असं तिला वाटू लागलं, आणि तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. न सोडवलेल्या उदाहरणाला आणि चुकलेल्या उदाहरणाला सारखेच गुण मिळतात.

इथे तडजोड केली. एककं फक्त दोन ठिकाणी लिहायची: सूत्रात किमती घालतो त्या ओळीत आणि शेवटच्या ओळीत. मधल्या आकडेमोडीत नाही. घनता मात्र नेहमी आधीच किलोग्रॅम प्रति घनमीटरमध्ये आणायची, कारण तिथे लांबीचा घन आहे आणि मिश्र एककांचा गुंता तिथेच सर्वांत वाढतो; ग्रॅम प्रति घनसेंटीमीटरला हजाराने गुणायचं, एवढं एक रूपांतर पाठ ठेवलं तर पुरतं. (हजार का, हे तिने एकदा स्वतः काढून पाहिलं: दहा लाख भागिले हजार.) वस्तुनिष्ठ प्रश्नांत, जिथे चारही पर्याय एकमेकांच्या दहापट-शंभरपट असतात, तिथे आधी अंदाज आणि मग गरज पडली तरच गणित.

तडजोडीत थोडी सुरक्षितता गेली हे खरं. पूर्ण पद्धतीत जी चूक दिसली असती ती मधल्या ओळींत लपू शकते. पण पूर्ण पद्धत तिने परीक्षेत वापरलीच नसती.

परिणाम

काही आठवड्यांनी झालेल्या वर्गचाचणीत दाबाच्या उदाहरणांत दहाच्या पटीतली चूक राहिली नव्हती. एका ठिकाणी तिने १,१७६ लिहून, बाजूला अंदाज करून, खोडून ११,७६० केलं होतं. खाडाखोड उत्तरपत्रिकेत तशीच आहे आणि मला ती बाकी पानापेक्षा जास्त मोलाची वाटते.

तरी एक उदाहरण चुकलं, आणि ते या प्रकरणातलं सर्वांत शिकवणारं उदाहरण होतं. टायरमधला गेज दाब (मापकावर दिसणारा, बाहेरच्या हवेपेक्षा जितका जास्त तितका दाब) २०० किलोपास्कल, तापमान २७ अंश सेल्सिअस. तापमान ४७ अंश झालं, आकारमान बदललं नाही. नवा गेज दाब किती? वातावरणाचा दाब १०० किलोपास्कल धरा. तिने केल्विन केलं, ३०० आणि ३२०. मग २०० किलोपास्कल × ३२० केल्विन ÷ ३०० केल्विन = २१३.३ किलोपास्कल. केल्विन छेदले गेले, किलोपास्कल उरले, अंदाजही पटण्यासारखा. पहाऱ्यावरच्या दोघांनी आत सोडलं.

उत्तर चूक आहे. वायूचा नियम निरपेक्ष दाबाला, म्हणजे बाहेरच्या हवेचा दाब धरून होणाऱ्या एकूण दाबाला लागू होतो. आत खरा दाब ३०० किलोपास्कल आहे. तो ३२० होतो. त्यातून हवेचे १०० वजा केले की गेजवर २२० दिसतात.

गुणक काढून पाहिला तर २२० ÷ २१३.३ म्हणजे साधारण १.०३. दहाचा घात नाही. याचा अर्थ एककांचं रूपांतर चुकलेलं नाही, भौतिकशास्त्र चुकलं आहे. दाबातली वाढ पाहिली तर दुवा स्पष्ट होतो: तिची वाढ १३.३, खरी २०, गुणोत्तर दीड. आणि ३०० ÷ २०० सुद्धा दीड.

तिला प्रश्न पडला की एककं सगळी जुळत असताना चूक कुठून आली. उत्तर असं की आतापर्यंतची तिची, केल्विन सोडलं तर, सगळी रूपांतरं गुणाकाराची होती. सेंटीमीटरचं मीटर, लिटरचं घनमीटर, डाइनचं न्यूटन: शून्य दोन्हीकडे तेच, फक्त पट बदलते. सेल्सिअस ते केल्विन आणि गेज ते निरपेक्ष ही रूपांतरं बेरजेची आहेत. तिथे शून्यच सरकतं. एककं छेदण्याची पद्धत पट पकडते, सरकलेलं शून्य पकडत नाही. गेज दाबही किलोपास्कलमध्ये, निरपेक्ष दाबही किलोपास्कलमध्ये. एककाच्या नावावरून फरक कळायला वावच नाही. केल्विन ती विसरत नव्हती कारण तिथे निदान नाव बदलतं.

यावर काढलेला उपाय साधा आहे. दाबाच्या आकड्यापुढे एकक लिहिताना, तो गेज असेल तर 'गे' आणि निरपेक्ष असेल तर 'नि' असं बारीक अक्षर लिहायचं, आणि गुणोत्तरात 'गे' दिसलं की थांबायचं. फरक काढताना मात्र 'गे' चालतो, कारण हवेचा दाब दोन्हीकडून वजा होतो. पिस्टनच्या उदाहरणात ५०० न्यूटन आणि २५ चौरस सेंटीमीटर घेऊन आलेले २०० किलोपास्कल हे हवेच्या दाबावरचे आहेत, हेही तिला या निमित्ताने पहिल्यांदा जाणवलं.

काय वेगळं करता आलं असतं

अंदाजाचे ठोकताळे आधी आणि एककं सोबत नेण्याची पद्धत नंतर, असा क्रम ठेवला असता तर वेळेचं संकट बहुधा आलं नसतं. अंदाजाला वेळ लागत नाही आणि पहिल्याच दिवशी फरक दिसतो. एककं सोबत नेण्याचा कंटाळा मग फक्त अंदाज न पटणाऱ्या उदाहरणांपुरता उरतो.

उत्तरपत्रिका तपासण्याची पद्धतही बदलता येते. नुसती फुली न मारता बाजूला '×१००' किंवा '×१०' असं लिहिलं, तर विद्यार्थ्याला कुठे पाहायचं ते कळतं: शंभर दिसलं तर क्षेत्रफळ, दहा दिसलं तर मिसळलेला द्रवस्तंभ, हजार दिसलं तर लिटर किंवा किलो, आणि ९.८ दिसलं तर किलोग्रॅम-बल आणि न्यूटन यांचा घोळ. तपासणाऱ्याला बरोबर उत्तर समोरच असतं, एक भागाकार करायचा असतो. अर्थात, गठ्ठा मोठा असला की हेही होत नाही, ते मी समजू शकतो. मग निदान शेऱ्यात 'निष्काळजी' लिहू नये. या मुलीने त्या एका शब्दापायी कितीतरी संध्याकाळी चुकीचा नियम घोटवला.

उदाहरणं रचतानाही विचार व्हावा. सगळं एसआयमध्ये दिलेलं उदाहरण एककांबद्दल काहीच तपासत नाही, आणि एक किंमत एसआयमध्ये, बाकीच्या सीजीएसमध्ये असं उदाहरण बरंच काही तपासतं. पण अशा उदाहरणात एककांना वेगळा गुण ठेवला नाही, तर ते फक्त सापळा होतं.

शेवटचा मुद्दा दोन विषयांच्या तासांमधल्या भिंतीचा. ही मुलगी भौतिकशास्त्रात वायू स्थिरांक ८.३१४ शिकली आणि रसायनशास्त्रात ०.०८२१ लिटर-ॲटमॉस्फिअर. दोन्ही एकाच स्थिरांकाची रूपं आहेत हे दोन्ही वर्गांत गृहीत धरलं गेलं, सांगितलं कुणीच नाही. म्हणून तिने एका वर्गातला स्थिरांक घेतला आणि दुसऱ्या वर्गातले लिटर. असंच प्रमाण दाबाचं: जुन्या व्याख्येत तो १ ॲटमॉस्फिअर आहे, रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८२ मध्ये तो १ बार, म्हणजे १,००,००० पास्कल केला. त्यामुळे शून्य अंशाला एक मोल आदर्श वायूचं आकारमान एका पुस्तकात २२.४ लिटर आणि दुसऱ्यात २२.७ लिटर दिसतं. दोन्ही बरोबर, आपापल्या दाबाला. तिने दोन्ही आकडे वहीत लिहून घेतले आणि प्रत्येकापुढे दाब लिहिला. ०.०८२१ पासून ८.३१४ कसे निघतात, ते तिला अजून स्वतः करून पाहायचं आहे: एक लिटर-ॲटमॉस्फिअर म्हणजे १०१.३२५ ज्यूल, एवढंच तिला सांगून ठेवलं आहे.